विश्लेषण : मस्करीची कुस्करी कधी होते? क्रिकेट चाहत्यांच्या टोमणेबाजीची मर्यादा कोणती?

एकदिवसीय मालिका जाहीर झाली की पहिला चेंडू पडण्याच्या कितीतरी आधी चाहत्यांचा सामना सुरू होतो. जाहिराती, मीम्स, कट्ट्यावरचे टोमणे, मैदानातील घोषणा यांशिवाय क्रिकेट अळणी वाटेल हे खरेच. पण याच चेष्टेतून कधी खेळाडूच्या रंगावर, कधी धर्मावर, तर कधी त्याच्या कुटुंबावर घसरण्याचे प्रकार घडले आहेत. त्यातले काही महाराष्ट्रातही घडले.

‘बेबीसिटर’ जाहिरातीचे काय झाले?

डिसेंबर २०१८ मध्ये मेलबर्न कसोटीत ऑस्ट्रेलियाचा कर्णधार टिम पेन यष्टींमागून ऋषभ पंतला डिवचत होता. एकदिवसीय संघात धोनी परतलाच आहे, तेव्हा तू इथेच राहा, मी बायकोला सिनेमाला घेऊन जातो आणि तू मुलांना सांभाळ, असा त्या बोलण्याचा आशय होता. यष्टींजवळच्या मायक्रोफोनमुळे हे घरोघरी ऐकू गेले. पंतनेही पेनला ‘हंगामी कर्णधार’ म्हणत परतफेड केली. १ जानेवारी २०१९ रोजी दोन्ही संघ ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांच्या भेटीला गेले, तेव्हा पेनच्या पत्नीने एक मूल थेट पंतच्या हवाली करून छायाचित्र काढले आणि ते समाजमाध्यमांवर टाकले. दोघांच्या चेष्टेचा शेवट यापेक्षा गोड होऊ शकला नसता.

पण मालिका विकायची असते तेव्हा गोड शेवट पुरेसा नसतो. फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात येणार होता. प्रक्षेपण वाहिनीने जाहिरात केली, तीत वीरेंद्र सेहवाग ऑस्ट्रेलियाची जर्सी घातलेल्या तान्ह्या बाळांना सांभाळताना दाखवला. सलामीला उतरून भल्याभल्यांची पिटाई केलेला मॅथ्यू हेडन यावर चिडला आणि ऑस्ट्रेलियाला हसण्यावारी नेऊ नका, असे त्याने ट्विटरवर बजावले. गंमत म्हणजे ज्या पेनवरून हा विनोद सुचला, तो ऑस्ट्रेलियाच्या एकदिवसीय संघात नव्हताच. कर्णधार होता आरोन फिंच.

मालिका कशी झाली? ट्वेन्टी-२० चे दोन्ही सामने पाहुण्यांनी जिंकले. एकदिवसीय मालिकेत मात्र हैदराबाद आणि नागपूरचे सामने भारताने घेतले. नागपुरात जामठ्याच्या मैदानावर विराट कोहलीने ११६ धावा केल्या, शेवटच्या षटकात विजय शंकरने दोन बळी मिळवले आणि भारत ८ धावांनी जिंकला. भारताचा तो ५०० वा एकदिवसीय विजय. ‘बाळां’चे मीम्स पुन्हा फिरू लागले. त्यानंतर रांची, मोहाली आणि दिल्ली असे सलग तीन सामने ऑस्ट्रेलियाने जिंकले. मोहालीत तर भारताच्या ३५८ धावा अपुऱ्या पडल्या. ॲश्टन टर्नरने ४३ चेंडूंत नाबाद ८४ धावा कुटल्या. उस्मान ख्वाजाने दोन शतकांसह मालिकेत ३८३ धावा केल्या. ०-२ वरून ३-२. २००९ नंतर ऑस्ट्रेलियाने भारतात जिंकलेली ही पहिली एकदिवसीय मालिका. मग तीच बाळे, तीच जाहिरात आणि तेच मीम्स, फक्त पाठवणारे ऑस्ट्रेलियन.

या सगळ्यात कोणाचे काही बिघडले नाही. दात ज्यांचे, त्यांच्याच घशात गेले एवढेच.

खेळाडू स्वतः मस्करी करतात तेव्हा?

अलीकडच्या काळात याचा उत्तम नमुना श्रीलंका आणि बांगलादेश यांनी दाखवला. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी दिल्लीत विश्वचषकाच्या सामन्यात श्रीलंकेचा अँजेलो मॅथ्यूज खेळपट्टीवर आला आणि त्याच्या हेल्मेटचा पट्टा तुटला. नवे हेल्मेट येईपर्यंत दोन मिनिटांची मुदत उलटली. बांगलादेशचा कर्णधार शकिब अल हसनने अपील केले, मागे घेतले नाही आणि एकही चेंडू न खेळता मॅथ्यूज ‘टाइम्ड आउट’ झाला. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधील हा पहिलाच प्रसंग. पुढे मॅथ्यूजनेच ८२ धावांवर शकिबला बाद केले आणि मनगटावरच्या नसलेल्या घड्याळाकडे बोट दाखवले. सामना मात्र बांगलादेशने जिंकला.

चार महिन्यांनी, मार्च २०२४ मध्ये श्रीलंकेचा संघ बांगलादेशात गेला. ट्वेन्टी-२० मालिका जिंकल्यावर श्रीलंकेच्या खेळाडूंनी करंडकासोबत छायाचित्र काढताना मनगटाकडे बोट दाखवून घड्याळाची नक्कल केली. बांगलादेशने याची नोंद ठेवली. चट्टोग्राममध्ये त्यांनी एकदिवसीय मालिका २-१ अशी खिशात घातली, तेव्हा मुशफिकर रहीम हेल्मेट घेऊनच छायाचित्राला आला. पट्टा तुटल्याचा अभिनय करत पंचांकडे दाद मागणाऱ्या मॅथ्यूजची त्याने अशी नक्कल केली, की सोबतचे खेळाडू हसून लोळायचे बाकी होते. दोन्ही देशांच्या चाहत्यांनी त्यावर पुढचे काही दिवस काढले.

यात कडवटपणा नव्हता असे म्हणता येणार नाही. शकिबच्या अपिलाबद्दल मॅथ्यूज दिल्लीत उघडपणे संतापला होता. पण टोमण्याचा विषय मैदानावर घडलेली घटना होती. पट्टा तुटला, वेळ गेली, अपील झाले. ज्याची चेष्टा झाली त्याला परतफेडीची संधी होती आणि ती पुढच्या मालिकेत त्याने किंवा त्याच्या संघाने घेतली.

प्रेक्षकांना हे जमते का?

जमते, आणि जिथे अजिबात अपेक्षा नसते तिथेही जमते. मार्च २००४ मध्ये भारतीय संघ पाकिस्तानच्या दौऱ्यावर गेला. कारगिलच्या युद्धाला पाच वर्षे होत होती. कराचीत मे २००२ मध्ये न्यूझीलंड संघाच्या हॉटेलबाहेर स्फोट झाला होता, त्यामुळे तिथे कसोटी खेळण्यास भारताने नकार दिला होता. एक दिवसाचा सामना तेवढा मान्य केला. हजारो भारतीय चाहत्यांना व्हिसा मिळाले. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी संघाला निरोप देताना खेळच नव्हे, मनेही जिंका असे सांगितले होते.

१३ मार्चच्या कराचीच्या सामन्यात भारताने ३४९ धावा केल्या. इंझमाम-उल-हकच्या १२२ धावांमुळे पाकिस्तान लक्ष्याच्या अगदी जवळ पोहोचला. शेवटच्या षटकात ९ धावा हव्या होत्या, आशीष नेहराने ३ च दिल्या, शेवटच्या चेंडूवर मोईन खान झेलबाद झाला. पाच धावांनी हरलेल्या यजमानांच्या प्रेक्षकांनी उभे राहून भारतीय संघासाठी टाळ्या वाजवल्या.

या दौऱ्याचा खरा नायक मात्र चाहत्यांनी निवडला, आणि तो सचिन किंवा सेहवाग नव्हता. लक्ष्मीपती बालाजी हा चेन्नईचा सतत हसणारा मध्यमगती गोलंदाज. त्या काळी गाजत असलेल्या एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर पाकिस्तानी प्रेक्षकांनी त्याचे नाव बसवले आणि ‘बालाजी, जरा हळू’ अशी विनवणी ते गाण्यातून करू लागले. शोएब अख्तरच्या देशात बालाजीला हळू टाकायला सांगणे, हाच त्यातला विनोद. लाहोरच्या निर्णायक सामन्यात याच बालाजीने शोएबला षटकार मारला आणि गाण्याचा आवाज आणखी वाढला. भारताने मालिका ३-२ अशी जिंकली.

२००७ मध्ये वडोदरा आणि मुंबईत काय घडले?

ही बाजू सांगितल्याशिवाय विषय पूर्ण होत नाही, कारण ती आपल्या घरची आहे. २४ सप्टेंबर २००७ रोजी भारताने पहिला ट्वेन्टी-२० विश्वचषक जिंकला. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाला हरवले होते. पाचच दिवसांत तोच ऑस्ट्रेलिया सात सामन्यांच्या एकदिवसीय मालिकेसाठी भारतात उभा होता. भारतीय खेळाडूंच्या मिरवणुका आणि बक्षिसांबद्दल अँड्रय़ू सायमंड्सने नाराजीचा सूर लावला. ते भारतीय चाहत्यांना झोंबले. इथपर्यंत ही नेहमीची जुगलबंदी होती.

सायमंड्सचा जन्म बर्मिंगहॅमचा. जन्मदात्यांपैकी एक आफ्रो-कॅरेबियन वंशाचे. लहानपणीच त्याला दत्तक घेतलेले. ऑस्ट्रेलियाच्या त्या संघात तो वेगळा दिसत होता, आणि खेळतही जोरात होता. ११ ऑक्टोबरला वडोदऱ्यात भारताचा डाव १४८ धावांत आटोपला. सीमारेषेजवळ क्षेत्ररक्षण करणाऱ्या सायमंड्सच्या दिशेने प्रेक्षागृहातून माकडासारखे आवाज येऊ लागले. ऑस्ट्रेलियन पत्रकारांनी बातमी दिली. आपल्याकडची पहिली प्रतिक्रिया नाकारण्याची होती. तसे काही घडलेच नाही, पाहुण्यांचा गैरसमज झाला, तो देवाचा जयघोष होता, असे खुलासे पुढे आले. त्यानंतर नागपुरात सायमंड्सने नाबाद १०७ धावा केल्या आणि ऑस्ट्रेलियाने मालिका जिंकली.

१७ ऑक्टोबरला वानखेडेवर शेवटचा सामना झाला. मुरली कार्तिकने २७ धावांत ६ बळी घेतले, १९४ धावांचे लक्ष्य गाठताना भारताची दमछाक झाली तरी दोन गडी राखून विजय मिळाला. खरे तर मुंबईने कार्तिकसाठी लक्षात ठेवावा असा हा सामना. पण लक्षात राहिली ती छायाचित्रे. स्टँडमधील काही प्रेक्षक सायमंड्सकडे पाहत बगला खाजवत माकडाच्या नकला करत होते आणि छायाचित्रकारांनी ते टिपले. आता नाकारण्यासारखे काही उरले नाही. पोलिसांनी काही जणांना मैदानाबाहेर काढून ताब्यात घेतले. वर्णद्वेष खपवून घेतला जाणार नाही, असे भारतीय क्रिकेट मंडळाला जाहीर करावे लागले. ४-२ ने जिंकलेल्या मालिकेचा मानकरी सायमंड्सच ठरला.

‘आमच्याकडे वर्णद्वेष नाही, आम्हीच त्याचे बळी’ ही त्या वेळची सर्रास ऐकू येणारी सबब होती. गोऱ्या कातडीची हौस असलेल्या, लग्नाच्या जाहिरातीत उजळ वर्णाची अट घालणाऱ्या समाजाने ती सांगावी हे आश्चर्यच. काहींना आपण जे करतोय ते केवळ चिडवणे आहे असे प्रामाणिकपणे वाटतही असेल. शाळेत सावळ्या मुलाला ज्या नावांनी हाका मारल्या जातात, त्याच सवयीने ते मैदानात आले होते.

पुढचा भाग सर्वांना ठाऊक आहे. जानेवारी २००८ मध्ये सिडनी कसोटीत हरभजन सिंगने आपल्याला माकड म्हटल्याचा आरोप सायमंड्सने केला. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी हरभजनवर तीन कसोटींची बंदी घातली. अपिलात न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांनी वर्णद्वेषाचा आरोप सिद्ध झाला नसल्याचे सांगत ती उठवली आणि शिवीगाळीबद्दल मानधनाच्या निम्मा दंड ठेवला. तो शब्द उच्चारला गेला की नाही यावर आजही दोन्हीकडचे चाहते हिरिरीने भांडतात. तो शब्द एवढा जिव्हारी का लागला, याचे उत्तर मात्र सिडनीत नाही, तीन महिने आधीच्या वडोदरा आणि मुंबईत आहे. २०११ मध्ये हरभजन आणि सायमंड्स मुंबई इंडियन्सच्या एकाच ड्रेसिंग रूममध्ये होते. मे २०२२ मध्ये सायमंड्सचे टाउन्सव्हिलजवळ मोटार अपघातात निधन झाले.

मग मर्यादा ओळखायची कशी?

जानेवारी २०१९ मध्ये डरबनच्या एकदिवसीय सामन्यात पाकिस्तानचा कर्णधार सर्फराज अहमदने दक्षिण आफ्रिकेच्या अँडिले फेलुक्वायोला त्याच्या वर्णावरून आणि आईवरून उर्दूत काहीतरी ऐकवले. फेलुक्वायोला शब्द कळले नाहीत. पण मायक्रोफोनने ते पकडले आणि उर्दू-हिंदी कळणाऱ्या कोट्यवधी प्रेक्षकांना ते नीट कळले. सर्फराजने माफी मागितली, प्रत्यक्ष भेटून हात मिळवला, तरी चार सामन्यांची बंदी आली. त्याआधी २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या डॅरेन लेहमनने श्रीलंकेविरुद्ध बाद झाल्यावर वर्णद्वेषी शब्द वापरले. त्याच्यावर पाच एकदिवसीय सामन्यांची बंदी आली होती.

या प्रकरणांतून एक व्यवहारी कसोटी हाती लागते. टोमणा समोरच्याने काय केले याबद्दल आहे, की तो कोण म्हणून जन्मला याबद्दल? त्याला कळणाऱ्या भाषेत, त्याच्या तोंडावर तो म्हणता येईल का? बालाजीचे गाणे या कसोटीवर सहज उतरते. सर्फराजचे वाक्य दोन्हीकडे नापास होते.

पण मधली जागाही मोठी आहे. ९ जून २०१९ रोजी ओव्हलवर विश्वचषकाच्या सामन्यात भारतीय प्रेक्षक सीमारेषेवरच्या स्टीव्ह स्मिथला ‘चीटर’ म्हणून ओरडत होते. चेंडू कुरतडण्याचे प्रकरण खरे होते, म्हणजे टोमणा कृतीवरच होता. स्मिथ वर्षभराची शिक्षा भोगूनही परतला होता. फलंदाजी करणारा कोहली प्रेक्षकांकडे वळला आणि हुर्यो थांबवा, टाळ्या वाजवा, अशी त्याने खूण केली. त्याबद्दल आयसीसीने त्याला २०१९ चा खिलाडूवृत्तीचा पुरस्कार दिला. प्रतिस्पर्ध्यांना सर्वाधिक डिवचणारा खेळाडू म्हणून ज्याची ओळख, त्यानेच हे करावे यात विसंगती वाटेल, पण डिवचणे कुठे थांबवायचे हे डिवचणाऱ्यालाच नीट ठाऊक असते.

कोहलीने याची पुनरावृत्ती केली ती दिल्लीत. मे २०२३ मध्ये आयपीएलच्या लखनऊच्या सामन्यात अफगाणिस्तानच्या नवीन उल हकशी त्याची चकमक झाली होती. नंतर बंगळूरुचा संघ हरत असताना नवीनने समाजमाध्यमावर गोड आंब्यांचे छायाचित्र टाकले आणि कोहलीच्या चाहत्यांना उन्हाळाभर पुरेल एवढा विषय मिळाला. नवीन दिसला की आंबा, हे समीकरणच झाले. ११ ऑक्टोबरला विश्वचषकाच्या सामन्यात दिल्लीचे प्रेक्षक नवीनला पाहताच ‘कोहली, कोहली’ ओरडू लागले. कोहलीने हाताने थांबण्याची खूण केली, दोघांनी मिठी मारली आणि आंब्याचा हंगाम तिथे संपला.

नियम काय सांगतात?

खेळाडूंसाठी आयसीसीची भेदभावविरोधी संहिता आहे. वंश, वर्ण, धर्म, राष्ट्रीयत्व, लिंग, अपंगत्व अशा आधारांवर केलेली शेरेबाजी त्यात येते आणि बंदीपर्यंत शिक्षा होऊ शकते. प्रेक्षकांना ही संहिता थेट लागू होत नाही. त्यांना आवरण्याची जबाबदारी यजमान मंडळाची, आणि साधने म्हणजे तिकिटावरच्या अटी, मैदानातून हकालपट्टी आणि स्थानिक पोलीस.

प्रत्यक्षात अडचण असते ती माणूस ओळखण्याची. जानेवारी २०२१ मध्ये सिडनी कसोटीत मोहम्मद सिराजने पंचांकडे तक्रार केली, खेळ थांबला, सहा प्रेक्षकांना बाहेर काढले. चौकशीत भारतीय खेळाडूंना वर्णद्वेषी शिवीगाळ झाल्याचे क्रिकेट ऑस्ट्रेलियाने मान्य केले; पण बाहेर काढलेले सहा जण दोषी नव्हते. खरे दोषी सापडले नाहीत. जुलै २०२२ मध्ये एजबॅस्टनला भारतीय प्रेक्षकांवरच अशी शेरेबाजी झाली, तेव्हा ‘भारत आर्मी’ या चाहत्यांच्या गटाने ते लगेच लावून धरले. पोलिसांनी एकाला अटक केली आणि त्याच मैदानावरच्या पुढच्या भारत-इंग्लंड सामन्यात फुटबॉलच्या धर्तीवर साध्या वेशातील निरीक्षक प्रेक्षकांत बसवण्यात आले. भारतात अशी व्यवस्था अजून अंगवळणी पडलेली नाही. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी अहमदाबादेत बाद होऊन परतणाऱ्या मोहम्मद रिझवानच्या दिशेने धार्मिक घोषणा झाल्या. प्रेक्षकांच्या वर्तनाबद्दल पाकिस्तानच्या मंडळाने आयसीसीकडे तक्रार केली. पाकिस्तानी चाहत्यांना व्हिसा मिळाले नव्हते, त्यामुळे स्टँडमधून उत्तर देणारे जवळपास कोणी नव्हते. समोरचा पक्षच नसेल तर जुगलबंदी कसली?

मैदान सोडून मोबाइलवर गेल्यावर?

१९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याआधी पॅट कमिन्स म्हणाला होता, की भरलेले मैदान शांत करण्यासारखे समाधान नाही. ९० हजारांहून अधिक प्रेक्षक आले आणि ट्रॅव्हिस हेडच्या १३७ धावांनी ते खरोखर शांत झाले. हा अस्सल क्रिकेटी टोमणा होता, आणि तो त्यांनी करून दाखवला. मैदानातली शांतता मात्र मोबाइलवर टिकली नाही. ऑस्ट्रेलियन खेळाडूंच्या कुटुंबीयांच्या खात्यांवर शिव्यांचा पाऊस पडला. ग्लेन मॅक्सवेलची भारतीय वंशाची पत्नी विनी रामनला, आपण भारतीय असूनही पतीच्या देशाला पाठिंबा देऊ शकतो, हे जाहीरपणे सांगावे लागले.

स्वतःच्या खेळाडूंनाही यातून सूट नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये ट्वेन्टी-२० विश्वचषकात भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला आणि मोहम्मद शमीला त्याच्या धर्मावरून लक्ष्य करण्यात आले. कोहलीने पत्रकार परिषदेत शमीची ठाम बाजू घेतली. त्यानंतर कोहलीच्या वर्षही न झालेल्या मुलीला ट्विटरवरून बलात्काराची धमकी आली. मुंबई पोलिसांनी नोव्हेंबरमध्ये हैदराबादहून २३ वर्षांच्या एका सॉफ्टवेअर अभियंत्याला अटक केली. तक्रार कोहलीच्या व्यवस्थापकाने दिली होती. पुढे त्यांनीच गुन्हा रद्द करण्यास संमती दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला.